मोठीची शीळ

मोठीला हेवा करायला फार मोठं कारण लागत नाही. समोरच्या बाल्कनीतल्या कुंडीला आधी कळी आली तरी तिचा चहा गार होतो. पण ते किरकोळ हेवे म्हणजे नुसता सराव. जीव ओतून, रोजच्या रोज, तिनं एकाच माणसाचा हेवा केला, तो म्हणजे तिच्या धाकट्या जावेचा.

आमच्याच मजल्यावर, जिन्याला लागून त्यांचं घर. दोन भाऊ, दोन जावा आणि एक मुलगी. मुलगी धाकटीची. मोठीला मूल झालं नाही. धाकटी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असते, लोकांच्या नाकावर फ्रेमी चढवते, उतरवते, आणि "हा तुम्हाला शोभतोय" हे दिवसभर न थकता म्हणते. बाळंतपणाची रजा संपली तशी ती परत दुकानात जायला लागली आणि तान्हं मूल मोठीच्या मांडीवर आलं.

मोठीचं काम घरातच. कारखान्यातून शिवलेल्या शर्टांचे गठ्ठे येतात, ती काजं करून बटणं लावून देते. खिडकीपाशी सतरंजी, डाव्या हाताला शर्ट, उजव्या हाताला कात्री, आणि ओठांत कायम दोऱ्याचा एक तुकडा, सुईत ओवायला तयार. पोर रांगायला लागल्यापासून बटणांचा डबा मात्र कपाटावर चढला तो चढलाच. पोरीचं नाक बटणाएवढं, म्हणून मोठीनं तिचं नावच बटण ठेवलं. आईनं हौसेनं निवडलेलं सुरेख नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. धाकटी आधी चिडली, मग तिच्याही तोंडून बटणच निघायला लागलं. त्या दिवशी मोठी स्वयंपाक करताना गुणगुणत होती, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आता शिळेची गोष्ट.

मूल शूला बसवलं की सगळ्याच आया तोंडानं 'स्स्स' करतात. मोठी शीळ घालायची. लहानपणी शीळ घालते म्हणून तिनं थोरल्या भावाचे धपाटे खाल्ले होते. ती कला आता कामी आली. खालून वर चढत जाणारी, शेवटी किंचित थरथरणारी, कुकरच्या शिट्टीची सख्खी बहीण म्हणावी अशी शीळ. ती वाजली की बटण शहाण्यासारखी शू करायची. पोर लंगोटातून इतकी लवकर सुटली की मजल्यावरच्या बायका विचारायला यायच्या.

"माझ्या शिळेशिवाय एक थेंब नाही हो," मोठी सांगायची. "सख्खी आई बसवते ना, तरी नाही."

आणि ते खरं होतं. सुटीच्या दिवशी धाकटी तिला घेऊन बाथरूममध्ये जायची. बटण बसायची, दाराकडे बघायची. धाकटीही ओठांचा चंबू करायची, पण तिच्या तोंडून नुसती हवा निघायची. बटणला त्याचं हसू यायचं आणि हसण्यात शू आणखीच अडायची. शेवटी आतून हाक यायची, "ताई, जरा या ना."

मोठी लगेच उठायची नाही. हातातलं बटण पुरं करायची, गाठ मारायची, दोरा तोडायची, आणि मग जायची.

धाकटीनंही आपला एक किल्ला राखला होता. रविवारची आंघोळ. त्या दिवशी ती मोठ्या टबात वासाचा साबण ओतून फेसाचा डोंगर करायची आणि मायलेकी दार लावून तासभर आत खिदळायच्या. मोठी बाहेर शर्ट घेऊन बसायची आणि टाके चुकायची. "एवढा फेस! कपडे धुतात का पोर?" असं ती दाराला ऐकवायची. दार काही बोलायचं नाही.

बटण चार वर्षांची झाली आणि धाकटीनं तिला शाळेत घातलं. तेही आपल्या दुकानाच्या गल्लीतल्या शाळेत. मोठीनं त्या शाळेचा, तिथल्या बाईंचा, बटणच्या नव्या दप्तराचासुद्धा मनसोक्त हेवा केला. सकाळी मायलेकी हातात हात घालून जिना उतरायच्या तेव्हा मोठी वरून बघत राहायची आणि म्हणायची, "पोरीचा हात किती जोरात धरते. निसटून जाणारे का ती?"

पण दुपारी एक सोहळा असायचा. जेवणाच्या सुटीत धाकटी बटणला घरी सोडून परत दुकानात जायची. चपलाही न काढता बटण धावत यायची, "मोठीआई, शीळ!" मोठी शीळ घालायची आणि आत धो धो आवाज यायचा. बाहेर येऊन मोठी मला सांगायची, "शाळेत एक थेंब करत नाही. बाई म्हणतात चल, तरी जात नाही. माझ्यासाठी थांबते हो." पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची. त्याचं खापर मोठी शाळेवर फोडायची. "पाणी प्यायलासुद्धा सांगत नाहीत त्या बाई."

थंडीचे दिवस होते. एका सकाळी धाकटी वेणी घालत असताना बटण म्हणाली, "आई, शू चावते."

धाकटीनं निघताना मोठीला ते सांगितलं. "ताई, शू चावते म्हणतेय, जरा लक्ष ठेवा. आज शाळेत नेत नाही."

दुसरी कुणी असती तर विचारलं असतं, काय होतंय पोरीला. मोठीनं विचारलं, "तुला म्हणाली? कधी? मला नाही म्हणाली!"

"आत्ता, वेणी घालताना."

"रात्री माझ्याजवळ होती तेव्हा काही म्हणाली नाही."

दुखणं आधी आईला सांगितलं, हा काटा मोठीला इतका रुतला की शब्दाचा अर्थ तिनं लावला तो असा: चावते म्हणजे मुंगी. बाथरूमच्या मोरीपाशी मुंग्या होत्याच, त्या कुणाच्या घरी नसतात? आणि मुंग्या आल्या कशानं? त्या गोड वासाच्या साबणानं! मोठीनं कढत पाण्यानं मोरी धुतली, फरशी घासली, साबणाची बाटली उचलून माळ्यावर टाकली. काम संपल्यावर तिला फार बरं वाटलं. चोर सापडला होता.

पण शू चावायची थांबली नाही. बटण सारखी बाथरूमकडे पळायची, शीळ वाजायची, दोन थेंब पडायचे आणि पोर किंचाळायची. मग तिनं स्वतःचा उपाय काढला. पाणी प्यायलं की शू होते, शू झाली की चावते, तेव्हा पाणीच प्यायचं नाही. पेला पुढे केला की ती दात आवळायची. कोपऱ्यात टाचेवर बसून राहायची. दुपारच्या झोपेत गादी ओली झाली, कधीची बंद झालेली सवय परत आली.

संध्याकाळी बटणचे बाबा म्हणाले, "उन्हाळी लागली असेल वहिनी."

"एवढ्या थंडीत उन्हाळी? भाऊजी, स्वेटर काढून बोला."

"उन्हाळीला काय कॅलेंडर कळतं का?"

"त्या फेसानं झालंय हे सगळं," मोठी म्हणाली.

"मुंग्या होत्या ना सकाळी?" धाकटीनं विचारलं.

"मुंग्याही फेसानंच आल्या!"

आपल्या भाषेत हेवा वाटला की पोटात दुखतं आणि अंगाची आग होते. त्या घरात दोघी बायकांना दोन्ही होत होतं. त्या गडबडीत जिला खरोखर पोटात दुखत होतं आणि खरोखर आग होत होती, ती टाचेवर बसून होती. सकाळी तिला ताप भरला. तेव्हा कुठे दोघी एकदम उठल्या.

मुलांच्या दवाखान्यात बटण कुणाच्या मांडीवर बसणार यावरून बाकावर थोडी ओढाताण झाली. शेवटी डोकं एकीच्या मांडीवर आणि पाय दुसरीच्या, असं ठरलं. डॉक्टरबाईंनी दोघींकडेही फारसं पाहिलं नाही. त्या बटणसमोर वाकून बसल्या.

"शू करताना काय होतं गं?"

"चावते."

"कुठे?"

बटणनं दाखवलं.

"आणि पोटात?"

तिनं बेंबीखाली हात ठेवला. डॉक्टरबाईंनी पोट, पाठ, कंबर तपासली.

"म्हणजे आग होते," त्या म्हणाल्या. "एवढी मुलं आग होते असं म्हणत नाहीत. चावते, टोचते, गरम आहे, शूला राग आलाय, काहीही म्हणतात. कित्येक जण बोलतच नाहीत, नुसती अडवून धरतात. ओली झाली की आपण ओरडतो. ओरडू नका. साबण कोणता वापरता?"

मोठी हाच प्रश्न यावा म्हणून बसली होती. "फेसाचा! वासाचा! तासभर बसवते टबात!"

"तो बंद. नाजूक जागी फेस लागला की कातडी हुळहुळते, आग होते. साधं पाणी पुरे."

धाकटीनं मान खाली घातली. मोठीनं मान इतकी वर केली की तिला छताचा पंखा दिसला असेल.

"पण नुसत्या साबणानं ताप येत नाही," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. "लघवी तपासायला हवी. पाण्यानं स्वच्छ करून घ्या, पहिली थोडी धार जाऊ द्या, मधली बाटलीत धरा."

नर्सबाई बटणला आत घेऊन गेल्या. नळ सोडला, गोष्ट सांगितली. काही नाही. धाकटी आत गेली. तिनं लाडीगोडी लावली, मग रडकुंडीला आली. मोठी बाहेर हाताची घडी घालून बसली होती. शेवटी आतून ती हाक आलीच, "ताई, जरा या ना."

या वेळी तोडायला दोरा नव्हता, तरी मोठीनं पदर सावकाश सारखा केला. मग आत गेली आणि शीळ घातली. घरच्यासारखी नाही, दवाखाना आहे हे ध्यानात घेऊन जरा खास. बाहेर एका बापाच्या खांद्यावरचं तान्हं बाळ त्याच्या शर्टावर मोकळं झालं. नातवाला घेऊन आलेले एक आजोबा गडबडीनं उठले, "इथं बाथरूम कुठंय हो?" सगळा बाक हसला. मोठी बाटली घेऊन बाहेर आली ती स्पर्धेत कप जिंकल्यासारखी.

डॉक्टरबाईंनी तपासणीची पट्टी पाहिली. "जंतूंचा संसर्ग दिसतोय. पुढची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते, औषध आजच सुरू करू. शीळ कुणी घातली?"

"मी," मोठी म्हणाली. "माझ्या शिळेशिवाय एक थेंब नाही तिचा."

"वा! शाळेत कोण घालतं?"

मोठी बोलायला गेली. "शाळेत कशाला, शाळेत तर ती थांबते, घरी येईपर्यंत माझ्यासाठी थां..." आणि तिथं तिचा शब्द तुटला.

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. मोठीनं नंतर मला सांगितलं, "ती बोलली असती तर मी भांडले असते गं. पण ती गप्प बसली."

डॉक्टरबाईंनी दोष कुणाच्या पदरात टाकला नाही. मुलींना हा त्रास सहज होतो, त्या म्हणाल्या, त्याला एकच कारण नसतं. पण तासन्‌तास अडवून ठेवलेली लघवी म्हणजे साचलेलं पाणी. जंतूंना तिथं ऐसपैस जागा मिळते. आग होते म्हणून मूल आणखी अडवतं आणि अडवल्यानं दुखणं वाढतं. औषधानं हे बरं होईल, पण अडवणं थांबलं नाही तर परत येईल. पोरगी हसायला लागली तरी औषध अर्ध्यावर सोडायचं नाही. पाणी भरपूर द्यायचं. दर दोन-तीन तासांनी शूला बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा म्हणजे अंग सैल सुटतं. पुसायचं ते पुढून मागे. शौचाला कडक होत असेल तर त्याकडेही बघायचं. उलट्या झाल्या, ताप उतरला नाही, तर फोन न करता सरळ घेऊन यायचं.

"आणि शीळ?" धाकटीनं विचारलं.

"शीळ तिच्याच तोंडात द्या. वाजली नाही तरी चालेल. नुसतं फू करायला शिकवा. फुंकर मारताना अंग सैल होतं, शू आपोआप येते." मग मोठीकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीच शिकवा. पण तुमची बंद."

पहिले दोन दिवस मोठी डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत होती. "काल शिकून आल्यात. चार वर्षं मी काढली पोरीची, तेव्हा कुठं होत्या?" धाकटी माझ्याकडे वेगळी आली. चहा घेतला, अर्धा तसाच ठेवला आणि म्हणाली, "मी ताईंना एक शब्द बोलले नाही. तोंडात खूप होतं. पण खरं सांगू का? मला शीळ येत असती ना, तर मीही तिला दुसऱ्या कुणाच्या हवाली केलं नसतं."

औषध लागू पडलं. ताप गेला, चावणं कमी होत होत थांबलं. मोठी शिकवायलाही लागली, कारण शिकवण्यात ती हयगय करूच शकत नाही. बोटाला दोरा टांगून ती बटणसमोर धरायची. "फू कर. दोरा उडाला पाहिजे. गाल फुगवू नको, शू काय गालात आहे का?" बटण फुंकायची, दोरा उडायचा, दोघी हसायच्या. मग बटण पायाखाली पाट घेऊन बसायची, फू करायची. आणि दाराबाहेर उभी असलेली मोठी एक बारीकशी, अगदी कानात सांगितल्यासारखी शीळ घालायची. आत शू व्हायची. धाकटी खूष, बटणचे बाबा खूष. मोठी सगळ्यांत खूष. पोर फू करत होती ना? मग झालं तर.

बटण परत शाळेत गेली. बाईंना सगळं सांगून ठेवलं होतं. त्या वेळेवर तिला घेऊन गेल्या, पाटही दिला. बटणनं फू केलं. पुन्हा केलं. बाहेर कुणी नव्हतं.

दुपारी धाकटी तिला जिन्याखाली सोडून घाईनं दुकानात परतली. बटण आली ती धावत नाही. जिन्यातच पाय आवळून उभी होती, एक हात फ्रॉकवर घट्ट दाबलेला. मोठीनं तिला उचललं.

"मी फू केलं," बटण म्हणाली. "खूप केलं. नाही आली. आता परत चावेल?"

"नाही गं सोन्या."

"मोठीआई, तू शाळेत का येत नाहीस?"

हे वाक्य ऐकण्यासाठीच तर मोठीनं एवढी वर्षं शीळ घातली होती. एरवी तिनं ते साऱ्या मजल्याला ऐकवलं असतं. धाकटीला तर दोनदा. पण ते बोलणारी पोर वेदनेच्या भीतीनं तिच्या गळ्याला बिलगली होती, आणि ती भीती कुठून आली हे त्या घरात फक्त एकाच बाईला माहीत होतं.

तिनं बटणला बसवलं, पायाखाली पाट सरकवला आणि दार ओढून बाहेर उभी राहिली. ओठ आपसूक चंबू करायला लागले. तिनं घाईनं कमरेला खोचलेल्या रिळाचा दोरा तोडला आणि ओठांत धरला, सुई ओवण्याआधी धरते तसा. दोरा ओठांत असला की शीळ वाजत नाही. आतून फू आलं. काही नाही. पुन्हा फू. "मोठीआई, शीळ!" मोठीनं दोरा दातांत धरला. "तूच घाल," ती म्हणाली, दोऱ्यातून जेमतेम शब्द फुटला. "दोरा उडव बघू." बटण रडली. मग चिडली. मग चिडूनच तिनं असं काही मोठ्ठं फू केलं की त्याला शेवटी खरोखरचा एक बारीक आवाज फुटला, आणि पाठोपाठ धार.

मोठीनं दोरा चावून दोन तुकडे केले होते.

संध्याकाळी धाकटी आल्यावर मोठीनं तिला ते चोरून घातलेल्या शिळेचं सांगितलं. कसं सांगितलं, काय शब्दांत, हे दोघींपैकी कुणी मला सांगत नाही. मी विचारलं तर धाकटी म्हणते "काही नाही हो" आणि मोठी म्हणते "तुला काय करायचंय?" एवढं खरं, की त्यानंतर पंधरवडाभर मोठी तोंडात दोरा धरून दारापाशी उभी राहायची, आणि वासाच्या साबणाची बाटली धाकटीनं स्वतः माळ्यावरून काढून कचऱ्यात टाकली. दुसऱ्या तपासणीत लघवी स्वच्छ आली. शाळेच्या बाईंनी निरोप दिला की बटण आता स्वतः सांगून जाते, पाण्याची बाटली रिकामी करते, आणि वर्गातल्या आणखी दोघींना फू करायला शिकवते. त्या दोघींचाही मोठीला हेवा वाटला, हे सांगायला नको.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेले होते. बटण खेळता खेळता उठली आणि बाथरूमकडे निघाली. सवयीनं दोघी जावा तिच्यामागे उठल्या. मोठी पाट घ्यायला, धाकटी दिवा लावायला. बटण उंबऱ्यावर वळली, दोघींना हातानं मागे सारलं.

"कुणीच नको," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं. आतून कडीही घालायचा प्रयत्न केला, पण तिचा हात पुरला नाही.

दोघी दारापाशी तशाच उभ्या. आतून फू ऐकू आलं. मोठीनं जावेकडे पाहिलं. धाकटीचा चेहरा पडला होता. एवढ्या वर्षांत आरशात रोज पाहिलेला चेहरा मोठीनं पहिल्यांदा आरशाबाहेर पाहिला.

"तुलाही नको म्हणाली ना?" तिनं विचारलं.

"हो ना," धाकटी म्हणाली.

"बरं झालं," मोठी म्हणाली, आणि सतरंजीवर जाऊन बसताना तिनं धाकटीसाठी बाजूचा शर्टांचा गठ्ठा सरकवून जागा केली.